वीराचे नाव आणि आमच्या इंदुमतीबाई

प्रा. इंदुमती खळदकर यांची आणि माझी पहिली भेट एका अपघाताच्या दिवशी झाली. अकरावीचा पहिलाच आठवडा होता, नव्वदच्या दशकाची सुरुवात. सकाळी शिरूरच्या एसटी स्टँडबाहेर एक बस कांद्याच्या टेम्पोला धडकली. फारसे कुणाला लागले नाही, पण रस्ताभर कांदे पसरले. खेड्यांवरून येणारी आम्ही पंधरा-वीस मुले ते पाहत उभी राहिलो आणि इतिहासाच्या तासाला उशिरा पोचलो. बाई वर्गात आल्या होत्या. जाड भिंगांचा चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. त्या रागावल्या नाहीत. "काय झालं ते कागदावर लिहा, दहा मिनिटांत," एवढेच म्हणाल्या आणि मग एकेक कागद मोठ्याने वाचू लागल्या. माझ्या कागदावर पहिलेच वाक्य होते, 'ड्रायव्हर दारू प्यायला होता.'

"तुला वास आला होता?" बाईंनी विचारले.

"नाही बाई."

"मग कशावरून?"

"सगळे म्हणत होते."

"मग तसं लिही. सगळे म्हणत होते, असं. लोकांना तसं का वाटलं तेही शोधण्यासारखं आहे. पण पाहिलेलं आणि ऐकलेलं एका ओळीत मिसळू नकोस."

वर्ग हसला. मी ओशाळलो. बाईंनी फळ्यावर दोन रकाने आखले, एक पाहिल्याचा आणि एक ऐकल्याचा, आणि आमच्या सगळ्यांच्या कागदांतली वाक्ये एकेक करून त्यांत भरली. तास संपेपर्यंत ऐकल्याचा रकाना खालपर्यंत गेला होता आणि पाहिल्याच्या रकान्यात चारच ओळी होत्या. "यातला एकही रकाना पुसायचा नाही," असे सांगून त्या निघून गेल्या.

बाईंच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी संपादकांनी मला 'हृद्य आठवणी' लिहायला सांगितले आहे. बाईंच्या संशोधनाविषयी लिहिणारे अधिकारी लोक या ग्रंथात आहेत. मी त्यांचा विद्यार्थी, आज दौंडला इतिहास शिकवतो, एवढाच माझा अधिकार. माझ्याजवळची सर्वांत मोठी आठवण मात्र हृद्य नाही. तिच्यात मी वाईट दिसतो. तरीही तीच लिहितो, कारण इतिहास कशासाठी शिकायचा हे मला बाईंनी वर्गात शिकवले असले तरी समजले ते त्या प्रकरणात.

त्याआधी थोडे बाईंच्या घराविषयी. बाई मूळच्या दौंडच्या. त्यांचे वडील रेल्वेत केबिनमन होते. कुठली गाडी किती वाजता गेली, हे वहीत लिहिण्याचे काम त्यांच्याकडे असे. गाडी डोळ्यांनी पाहिली नसेल तर ते वेळेची जागा कोरी ठेवत, अंदाजाने भरत नसत. रेल्वेच्या वसाहतीत देशाच्या चारी कोपऱ्यांतली माणसे शेजारी राहत. तिथल्या अंगणात बाईंनी लहानपणी एकाच भुताच्या चार भाषांतल्या चार गोष्टी ऐकल्या. "वडिलांची वही आणि ते अंगण, दोन्हींवर माझा पिंड पोसलाय," असे त्या आम्हाला सांगत.

पुढे शिरूर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर फिरून त्यांनी लोकांच्या तोंडच्या कथा आणि ओव्या उतरवून घेतल्या. विद्यार्थी म्हणून त्यांची पिशवी धरून मीही अनेकदा गेलो आहे. या कामात त्यांचा एक नियम होता. ज्याच्याकडून ऐकले त्याच्याकडे पुन्हा जायचे आणि वहीत काय लिहिले ते त्याला वाचून दाखवायचे. कवठे येमाईजवळच्या एका वस्तीवर भागाबाई नावाच्या धनगर आजींकडे आम्ही असेच दुसऱ्यांदा गेलो. आजींनी डोळे मिटून सगळे ऐकले आणि म्हणाल्या, "समदं बराबर हाय. पर म्या रडले त्ये कुटं लिवलंया?" बाईंनी तिथेच बसून ती ओळ लिहिली. परत येताना वाटेत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. स्वतःची चूक झाली की त्या अशा गप्प होत.

आता ते प्रकरण.

माझे गाव कवठे येमाईच्या पुढे आहे. त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण त्यातली बहुतेक माणसे हयात आहेत आणि बरी माणसे आहेत. गावाबाहेर ओढ्याकाठी एक वीरगळ आहे. लढताना किंवा गुरे राखताना मेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ पूर्वी असे कोरीव दगड उभारत. आमच्या वीरगळावर शेंदराचे जाड थर होते. गावात आमची मराठ्यांची भावकी मोठी आणि ओढ्यापलीकडे धनगरवस्ती. दोघेही त्या दगडाला मानत. आमची माणसे त्याला 'वीरबाबा' म्हणत. लुटारूंनी गावची गुरे हाकली तेव्हा हा एकटा आडवा गेला आणि पडला, अशी आमची कथा. धनगर त्याला 'थोरला' म्हणत. कळपावर धाड आली तेव्हा आमचा थोरला मेंढरांसाठी मेला, अशी त्यांची कथा. वर्षातून एकदा ते आपली मेंढरे त्या दगडाभोवती फिरवून नेत आणि भंडारा उधळत. नाव कुणालाच माहीत नव्हते आणि त्यावाचून कुणाचे अडलेही नव्हते.

मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना गावच्या जत्रेची स्मरणिका काढायचे ठरले. माझे चुलते, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, तेव्हा सरपंच होते. ते म्हणाले, "तू हिस्ट्री घेतलीया न्हवं? मंग आपल्या वीरबाबाचा इतिहास लिही. चार पानं तरी व्हायला पाहिजेत."

चार पानांइतकी माहिती नव्हती. एका पानाचीही नव्हती. मी कॉलेजच्या वाचनालयात एक दुपार कोऱ्या कागदापुढे बसलो आणि मग लिहीत सुटलो. वीराला मी 'रायाजी' असे नाव दिले, त्याच्यामागे आमचे आडनाव लावले. त्याला बायको दिली, घोडा दिला, मरताना उच्चारायला एक वाक्य दिले. 'असे जुन्या कागदपत्रांवरून दिसते' अशी एक ओळही शेवटी टाकली. असले कुठलेही कागदपत्र नव्हते. मला तेव्हा ते पाप वाटले नाही, आपल्याला छान लिहिता येते असे वाटले. स्मरणिकेची प्रत मी बाईंना दाखवली नाही. का दाखवली नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारला असता तर पुढचे बरेच टळले असते.

लोकांना ते फार आवडले. दुसऱ्या वर्षी वीरगळाशेजारी ऑइलपेंटने रंगवलेली पाटी लागली, 'वीर रायाजी', खाली आमचे आडनाव. तिसऱ्या वर्षी जयंती सुरू झाली. जयंतीचा दिवस कुणी ठरवला ते मला आजही माहीत नाही, तो मी दिलेला नव्हता. नाव आल्यावर पहिल्या पूजेचा मान आला. मान आल्यावर मंडप आला, आणि दोन हजार सालानंतरच्या एका उन्हाळ्यात मंडपाभोवती भिंत घालायला सुरुवात झाली. त्या भिंतीने मेंढरांची वाट बंद होणार होती.

धनगरवस्तीवरचे म्हाळूआप्पा वयाने सत्तरीच्या पुढचे. ते आण्णांकडे दोनदा आले. "सरपंच, वाट ठिवा. आमचा थोरला हाय त्यो," म्हणाले. आण्णा म्हणाले, "आप्पा, आता छापील इतिहास हाय. रायाजी आमच्या भावकीचा. तुमचं न्हेमकं काय हाय, दावा." आप्पांजवळ दाखवायला काय असणार? ते परत गेले.

मेंढरे फिरवण्याच्या दिवशी वस्तीवरची तरुण पोरे आप्पांचे न ऐकता कळप घेऊन आली आणि त्यांनी भिंतीचा एक भाग पाडला. आमच्या बाजूची पोरे टपूनच होती. दगड उडाले. माझा चुलतभाऊ आणि वस्तीवरचा एक जण, दोघांची डोकी फुटली. एकाला शिक्रापूरच्या दवाखान्यात न्यावे लागले. गावात पोलिसांची गाडी उभी राहिली. वस्तीवरच्या बायका पाण्याला गावातल्या टाकीवर येईनात. पुढच्या महिन्यात जयंती होती आणि त्या दिवशी काय होईल या विचाराने दोन्हीकडचे शहाणे लोक धास्तावले होते.

तहसील कचेरीत बैठक झाली. कुणा जाणत्या माणसाचा शब्द दोन्ही बाजूंनी मानावा असे ठरले आणि इंदुमतीबाईंचे नाव निघाले. म्हाळूआप्पांनी ते लगेच मान्य केले. बाईंनी त्यांच्याकडून ओव्या उतरवून घेतल्या होत्या. आण्णांना तर आनंदच झाला. मला म्हणाले, "बाई तुझ्या गुरू. तूच त्यास्नी घिऊन ये."

बाई आल्या. दगडासमोर त्या जवळजवळ तासभर बसून होत्या. शेंदूर खरवडू द्या असे त्यांनी म्हटले नाही, हातही लावला नाही. खालच्या चौकटीत आडवा पडलेला माणूस आणि काही जनावरे. त्यावरच्या चौकटीत ढाल घेऊन लढणारा माणूस. सर्वांत वर पिंडीची पूजा, चंद्र आणि सूर्य.

"बाई, ती गुरंच हायती न्हवं?" आण्णांनी विचारले.

"मेंढरं हायती," पलीकडून कुणीतरी ओरडले.

"चार पायांची जनावरं आहेत," बाई म्हणाल्या. "शिंगांचा भाग झिजलाय आणि वर शेंदूर आहे. यापुढे मला दिसत नाही. लेख कुठेच कोरलेला नाही. तुमच्याकडे आणखी काय आहे?"

आण्णांनी स्मरणिका पुढे केली. बाईंनी चष्मा वर करून चार पाने वाचली. शेवटी लेखकाचे नाव होते. मी चार पावलांवर उभा होतो. बाईंनी स्मरणिका मिटून पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "मला आठ दिवस द्या."

मी त्यांना फाट्यापर्यंत सोडायला निघालो. अर्ध्या वाटेत त्यांनी विचारले, "रायाजी हे नाव तुला कुठं मिळालं?"

"एका म्हाताऱ्यानं सांगितलं बाई."

"कोण?"

"ते वारले."

बाई थांबल्या नाहीत, चालतच राहिल्या. फाट्यावर एसटी येईपर्यंत त्यांनी मला माझ्या नोकरीविषयी विचारले. मी तेव्हा दौंडला नुकताच लागलो होतो. वर्गात किती मुले येतात, खडू बरे मिळतात का, असले प्रश्न. एसटीत चढताना त्यांनी मागे वळून पाहिले नाही. त्या दिवसाइतका मी आयुष्यात कधी घाबरलेलो नाही. बाई काय करतील याची भीती नव्हती. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला असेल तर, याची होती.

तीन दिवस मी दौंडला वर्ग घेतले. चौथ्या दिवशी रजा टाकून शिरूरला त्यांच्या घरी गेलो. दारात चपलांचा एक जोड होता. आत त्यांच्या शिक्षणसंस्थेशी संबंधित एक गृहस्थ बसले होते. मी व्हरांड्यात थांबलो. खिडकी उघडी असल्याने बोलणे ऐकू येत होते.

"बाई, निवडणूक तोंडावर आहे. कशाला वाकड्यात शिरता?" ते सांगत होते. "एक ओळ लिहून द्या. 'सदर वीर रायाजी होत असे परंपरेने मानले जाते.' परंपरेने म्हटलं की तुमच्यावर काही येत नाही. तुमची नोकरीची उरलेली वर्षं सुखात जावीत असं आम्हाला वाटतं."

"परंपरेची ओळ मी लिहीन की," बाई म्हणाल्या. "फक्त परंपरा दोन आहेत, त्या दोन्ही लिहीन. आणि रायाजी हे नाव त्यांतल्या एकीतही नाही."

"छापलंय ना?"

"छापलंय. पाच-सहा वर्षांपूर्वी."

ते गृहस्थ चहा न घेता उठले. जाताना माझ्याकडे त्यांनी कोण हा अशा नजरेने पाहिले. मी आत गेलो आणि उभ्यानेच सगळे सांगून टाकले. नाव मी रचले, घोडा मी रचला, कागदपत्रे नाहीत, म्हातारा नाही. बाईंनी मला बसायला सांगितले. त्यांचा आवाज चढला नाही. पिशवीतून स्मरणिका काढून त्यांनी माझ्यापुढे शेवटचे पान उघडले.

"गोष्ट रचली याचं मला इतकं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "गोष्टी माणसं रचणारच. पण 'कागदपत्रांवरून दिसते' ही ओळ लिहिताना तुझा हात कसा चालला? त्या एका ओळीनं म्हाळूआप्पांचं तोंड बंद झालं. ते काय दाखवणार? त्यांच्या आईची ओवी?"

मी स्मरणिका मिटून बाजूला ठेवली. मग विचारले, "तुम्ही ग्रामसभेत सांगाल का बाई? मी तसं लिहून देतो."

"मी सांगितलं तर ते माझं मत होईल. तू सांगितलंस तर तो पुरावा होईल." मग त्या म्हणाल्या, "तुला मारतीलही. ते मला दिसतंय. त्यामुळे 'सांगच' असं मी म्हणणार नाही. पण तू बोललास तर मी तुझ्या शेजारी उभी असेन."

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. नायब तहसीलदार आले होते, फौजदार आणि चार पोलीस होते. मध्ये मोकळी वाट सोडून एका अंगाला आमची भावकी बसली होती, दुसऱ्या अंगाला धनगरवस्ती. बायका शाळेच्या ओट्यावर. वस्तीवरच्या पोरांच्या हातात काठ्या होत्या आणि आमच्या बाजूच्या मोटारसायकलींच्या डिक्कीत काय होते ते मला ठाऊक होते.

बाईंनी दगडावर काय दिसते ते सांगितले, तितकेच. मग म्हणाल्या, "रायाजी या नावाचा आधार म्हणून ही स्मरणिका मला दिली गेली. तिचे लेखक इथं आहेत. तुम्हीच त्यांना विचारा."

मी उठलो. बाईही उठल्या आणि म्हटल्याप्रमाणे माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"ते नाव मी तयार केलं," मी म्हणालो. "कुठल्याच कागदात ते नाही. कुणी मला सांगितलेलं नाही. आडनावही मीच लावलं."

आमच्या बाजूने आरडाओरड उठली. "ह्याला फितवलाय!" "बाईनं शिकवून आणलाय!" एक चप्पल आली आणि माझ्या कानाला घासून गेली. आण्णा उठून उभे राहिले. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. भर गावात कुणीतरी अंगावरचे कपडे ओढून घ्यावेत तसा त्यांचा चेहरा झाला होता. "माझ्या हातानं पाटी लावली रं म्या," ते मला म्हणाले आणि गर्दीतून बाहेर निघून गेले.

इकडे वस्तीवरची पोरे उठून नाचू लागली. "म्हंजी आमचाच! थोरला आमचाच!" भंडाऱ्याची मूठ हवेत उडाली. आमच्याकडची काही पोरे मोटारसायकलींकडे धावली. फौजदारांनी शिट्टी वाजवली.

"खाली बसा!" हा आवाज बाईंचा होता. इतका चढलेला मी तो दहा वर्षांत कधी ऐकला नव्हता. "तुमचाही पुरावा नाही. रायाजी खोटा ठरला म्हणून थोरला खरा ठरत नाही. जनावरं मेंढरं आहेत असं मी म्हटलेलं नाही. मला माहीत नाही, आणि इथं कुणालाच माहीत नाही."

आता दोन्ही बाजू त्यांच्यावर उलटल्या. कुणीतरी ओरडले, "मंग तुमी आलाच कशाला?" गर्दी मधल्या मोकळ्या वाटेत उतरू लागली. बाई तिथून हलल्या नाहीत. माझा हात त्यांनी घट्ट धरला होता, तो मला धीर द्यायला की स्वतःला, ते मी सांगू शकत नाही.

त्याच वेळी म्हाळूआप्पा उठले. काठी टेकत ते त्या वाटेत येऊन उभे राहिले, तशी त्यांच्या वस्तीची पोरे थबकली. आप्पा म्हणाले, "बाई, तुमी माझ्या आयची ओवी लिवून नेली. ती खोटी म्हंता व्हय?"

"नाही आप्पा. ओवी खोटी नाही."

"मंग थोरला व्हता का न्हवता?"

"कुणीतरी होता," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता आणि तो ऐकायला लोक गप्प झाले. "दगड आहे, म्हणजे कुणीतरी होता. तो जनावरांसाठी मेला एवढं दगड सांगतो. त्याचं नाव, त्याची जात दगड सांगत नाही. तुमच्या ओवीत एक माणूस मुक्या जिवांसाठी मरतो, यांच्या कथेतही तेच. कुणासाठी मेलेल्या माणसाला या गावानं मोठं मानलं, हे मला त्या दोन्हींवरून कळतं. तेवढं कळायला मला कथाच लागते, दुसरं साधन नाही. पण कथेवरून पूजेचा मान ठरवायला निघालात, भिंत घालायला निघालात, तर मी आडवी येईन. तिथं पुरावा लागतो आणि तो नाही."

"मंग भंडारा कुणाला वाहायचा आमी?"

"तुमच्या आईनं कुणाला वाहिला?"

आप्पांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "आयला बी नाव ठावं नव्हतं," ते म्हणाले आणि पोरांकडे वळले. "काठ्या टाका रं. घरी चला."

त्या दिवशी दोन्ही बाजूंनी गळाभेट घेतली, असे लिहिता आले असते. तसे झाले नाही. लोक कुरकुरत घरी गेले एवढेच. पण जयंतीला काही घडले नाही, कारण जयंती झालीच नाही. पाटी पावसाळाभर राहिली आणि मग एक दिवस दिसेनाशी झाली. अर्धवट भिंत तशीच आहे, तिच्यातल्या पडलेल्या भागातून मेंढरे जातात. पहिल्या पूजेवरून पुढेही दोनदा बोलाचाली झाली. बाईंना मात्र याची झळ लागली. कॉलेजातल्या ज्या वरच्या पदाच्या त्या खऱ्या हक्कदार होत्या ते पद त्यांना मिळाले नाही. कारण कुणी सांगितले नाही आणि त्यांनी विचारले नाही. मी एकदा तो विषय काढला तेव्हा म्हणाल्या, "कारण आपल्याला माहीत नाही. अंदाज आहे. तो अंदाजच राहू दे."

मला गाव दोन वर्षे तुटले. आण्णांनी माझ्याशी बोलणे टाकले. दौंडच्या माझ्या खोलीवर त्या काळात दर रविवारी न चुकता येणारे माणूस एकच होते. बाई रविवारी आपल्या आईवडिलांच्या घरी यायच्या तेव्हा डबा घेऊन माझ्याकडे चक्कर मारत. उपदेश केला नाही. एका रविवारी मात्र त्यांनी पिशवीतून कोरी वही काढली. "लिही," म्हणाल्या. "ती चार पानं तू कशी लिहिलीस, कुणी काय सांगितलं, नाव कुठून सुचलं, पाटी केव्हा लागली. सगळं."

मी म्हणालो, "आता कशाला बाई? नाव तर पुसलं."

"पुसलं नाही. तुझ्या गावात दोन पोरांची नावं रायाजी ठेवलीत, माहीत आहे का तुला? भजनात एक कडवं आलंय. ते आता राहणार. शंभर वर्षांनी कुणी विचारलं, हा रायाजी कोण, तर त्याला उत्तर मिळायला हवं. तू रचलेलं खोटं होतं, पण ते रचलं गेलं हे खरं आहे. ते लिहून ठेवणं तुझंच काम आहे."

ती वही मी लिहिली. दरवर्षी नव्या वर्गाला पहिल्या आठवड्यात ती मी वाचून दाखवतो. कुरकुंभच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्यांची मुले माझ्या वर्गात असतात, बाहेरच्या राज्यांतून आलेल्यांचीही असतात. वही वाचून झाली की कुणीतरी विचारतेच, "सर, तुम्हाला लाज नाही वाटली?" वाटली, असे मी सांगतो, आणि मग तास सुरू होतो.

आण्णा तिसऱ्या वर्षी माझ्या लग्नाला आले. काही न बोलता अक्षता टाकून गेले. हळूहळू बोलू लागले. हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी मुद्दाम गावी जाऊन त्यांना विचारले, कारण त्यांच्याविषयी त्यांच्या परवानगीशिवाय लिहिणे मला बरे वाटेना. ते आता थकले आहेत. ओट्यावर बसून त्यांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाले, "लिही. पर नुसतं तुजं चुकलं आसं लिवू नगं. चार पानं पाहिजेत आसं म्याच म्हनलो व्हतो. आप्पा दोनदा दारात आला, त्येला पानी बी इचारलं न्हाई म्या. त्ये बी घाल त्यात." घातले आहे.

बाई येत्या महिन्यात साठ वर्षांच्या होत आहेत. निवृत्तीनंतर काय करणार असे विचारले तर त्यांच्याकडे नकाशा तयार आहे. घोड नदीच्या काठाने आणि खाली भीमेपर्यंत जेवढे वीरगळ उभे आहेत, आडवे पडलेत, धुणे धुवायला वापरात आहेत, त्या सगळ्यांची नोंद करायची. प्रत्येकापाशी बसायचे, आसपासच्या घरांत त्याची काय कथा सांगतात ती ऐकायची. हे काम पायी करायचे आहे आणि त्याला निदान दहा वर्षे लागतील असा त्यांचा हिशेब आहे.

ती दहा वर्षे त्यांना निरोगी मिळोत, आणि ते काम संपल्यावर नवे काही काढायला आणखी तितकीच मिळोत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना आता बारीक कोरीवकामही स्पष्ट दिसू लागले आहे, ती दृष्टी तशीच राहो. नदीकाठच्या चढउतारांना त्यांचे गुडघे कुरकुर न करोत. आणि प्रत्येक वस्तीवर कुणीतरी त्यांना बसायला घोंगडी टाकून म्हणो, "या बाई, सांगते."